मॉडेलचं एस्टिमेट आलंय, निम्मं डोक्यावरून गेलं – ऑप्शन, बायआउट, कॉम्प कार्ड म्हणजे नक्की काय?

गणवेशवाला

नमस्कार मंडळी. आमचा सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा आहे, वडिलांपासून. आजवर आमचा कॅटलॉग म्हणजे पुतळ्याला शर्ट चढवायचा, मागं पांढरी चादर धरायची, मोबाइलवर फोटो काढायचे आणि डीलरांना पाठवून द्यायचे. पण २०१७ पासून युनिफॉर्मची मोठी प्रदर्शनं भरायला लागली, बाहेरच्या राज्यांतले खरेदीदार यायला लागले आणि शेजारच्या स्टॉलवर हसरी पोरं, आपल्या स्टॉलवर मुंडकं नसलेला पुतळा, हे काही बघवेना. यंदा ठरवलं, मॉडेल घेऊन नीट शूट करायचं.

मॉडेल मिळवून देणाऱ्या पुण्यातल्या एका कोऑर्डिनेटरचा नंबर मिळाला. त्याचा मेल आलाय, तो जसाच्या तसा देवनागरीत टंकतो:

"४ चाइल्ड + २ टीन + १ फीमेल, टीचर लुक. कॉम्प कार्ड्स अटॅच्ड, डिजिटल्स ऑन रिक्वेस्ट. फुल डे ८ अवर्स फ्रॉम कॉल टाइम, ओटी एक्स्ट्रा. फिटिंग हाफ डे चार्जेबल. युसेज १ इयर, इंडिया, प्रिंट + डिजिटल. पॅकेजिंग अँड ओओएच एक्स्ट्रा. बायआउट ऑन रिक्वेस्ट. एक्सक्लुझिव्हिटी नॉट इन्क्लुडेड. डेट्स ऑन फर्स्ट ऑप्शन टिल फ्रायडे. एजन्सी कमिशन २०% + जीएसटी."

फोन केला तर म्हणाला, "सर, सगळं स्टँडर्ड आहे." कुणाचं स्टँडर्ड ते नाही सांगितलं. ह्यातलं खरंच किती लागतं आणि मला किती गिऱ्हाईक केलंय, कुणी मराठीत सांगेल का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

शेंगाचटणी

टीचर लुक म्हणजे काय बे? हातात पट्टी द्यायची की नुसतं चष्म्याच्या वरून बघायचं?

लेन्सकॅप

फोटोग्राफर आहे, मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात. कॅटलॉगचंच काम जास्त करतो. माझ्या हातात येणारं तेवढं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

कॉम्प कार्ड म्हणजे मॉडेलचं व्हिजिटिंग कार्ड समजा. पुढं एक चेहऱ्याचा मोठा फोटो, मागं तीन-चार वेगवेगळे, खाली उंची, मापं, बुटाचा नंबर, केसांचा-डोळ्यांचा रंग. काही लोक त्यालाच झेड कार्ड म्हणतात. आता छापील कमी, पीडीएफच फिरते. पोर्टफोलिओ वेगळा, ती मोठी फाइल.

डिजिटल्स मात्र मागून घ्याच. पूर्वी पोलरॉइड म्हणायचे. मेकअप नाही, साधा बनियन किंवा टी-शर्ट, भिंतीला उभं करून खिडकीच्या उजेडात समोरून, बाजूनं, पाठीमागून आणि पूर्ण उंचीचा. कार्डावरचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा असू शकतो, डिजिटल्स ह्या महिन्यातले असतात. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. कार्डावर २६ साइजचं पोरगं असतं आणि सेटवर ३० साइजचा दादा उतरतो. पुढचे दोन दात पडलेले, ते वेगळंच.

फिटिंग म्हणजे शूटच्या आधी कपडे मॉडेलच्या अंगावर घालून बघणं. त्याचे पैसे लागतात हे खरं, पण तुमच्या कामात ते वाचवता येतं. डिजिटल्ससोबत टेपनं घेतलेली ताजी मापं मागवा आणि प्रत्येक पोरासाठी एक साइज खाली, एक साइज वर असे सॅम्पल पीस तयार ठेवा. बाकी मागून चिमटे लावून आम्ही बसवतो. कॅटलॉगमधला एकही शर्ट जसा दिसतो तसा बसलेला नसतो, पाठीवर क्लिपांची रांग असते.

अक्कलकोट_रोड

गणवेशवाले शेठ, मी टॉवेल-चादरीतला. आम्ही मागच्या सीझनला केलं होतं शूट. माझा सल्ला एकच, घरची पोरं उभी करा. भाच्या-पुतण्यांना एक दिवस पिझ्झा खाऊ घाला, काम संपलं. एवढ्या शब्दांच्या नादाला लागायचं कशाला?

रॅम्पवरची

@अक्कलकोट_रोड, दादा, टॉवेलला कोण हसतंय ते कुणी बघत नाही. युनिफॉर्मला पोर ताठ उभं राहायला लागतं, आणि तेही दुपारी तीन वाजता, एकविसाव्या ड्रेसमध्ये. भाचा अकराला पिझ्झा खाऊन झोपतो.

मी सोलापूरची, मुंबईत बरीच वर्षं हे काम केलं, आता रॅम्प कमी, कमर्शियल जास्त. पुढचे शब्द माझ्याकडून.

कॉल टाइम म्हणजे मॉडेलनं सेटवर हजर राहायची वेळ. कॅमेरा सुरू होण्याची वेळ ती नव्हे. मेकअप, केस, इस्त्री सगळं त्याच आठ तासांत मोजलं जातं. सकाळी आठचा कॉल दिला आणि तुमचे कपडे दहा वाजता आले, तर दोन तास तुमचे गेले. चारनंतर ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, चालू. शूटच्या आदल्या रात्री कॉल शीट पाठवतात: कुणी किती वाजता, कुठं, कोणता लुक कितव्या नंबरला, जेवण कधी, कुणाला फोन करायचा. ती कोऑर्डिनेटर बनवेल अशी वाट बघू नका, ती तुमच्या बाजूनं जायला हवी. सिनेमा-मालिकांची शिफ्ट साधारण बारा तासांची असते, त्यामुळं कुणी 'शिफ्ट'चा रेट सांगितला तर आठ की बारा ते विचारून घ्या.

फर्स्ट ऑप्शन: तुमच्यासाठी ती तारीख राखून ठेवलीय, पण काम पक्कं नाही. पैसे लागत नाहीत. दरम्यान दुसऱ्या गिऱ्हाइकानं तीच तारीख मागितली, तर त्याला सेकंड ऑप्शन मिळतो. तो पक्कं करायला तयार असेल, तर कोऑर्डिनेटर तुम्हाला विचारणार, घेताय की सोडताय? तेव्हा उत्तर तासाभरात लागतं. 'कन्फर्म' लिहिलंत की मात्र ते बुकिंग. मग रद्द केलंत तर कॅन्सलेशन द्यावं लागतं, अगदी शेवटच्या दिवशी रद्द केलंत तर बऱ्याचदा पूर्ण दिवसाचं. तेव्हा 'ओके सर' असंही सहज लिहू नका. 'ऑप्शन राहू द्या, शुक्रवारी कळवतो' असं स्पष्ट लिहा.

नव्याण्णव

थोडक्यात, लग्नाच्या हॉलचं टोकन, पण टोकन न देता.

रॅम्पवरची

हो, फक्त हॉलवाला तुम्हाला 'दुसरी पार्टी बसलीय समोर' म्हणतो ते खोटं असतं. इथं बहुतेक वेळा खरं असतं. बहुतेक वेळा म्हटलंय हं.

शेंगाचटणी

ताई, रॅम्पवर चालताना खाली बघायचं नाही म्हणे. आमच्या सोलापूरच्या रस्त्यावर असं कुणी चाललं तर थेट ड्रेनेजमध्ये शोस्टॉपर.

दोन_मुलांची_आई

शोस्टॉपर म्हणजे शेवटी येते ती ना? सिनेमातल्या नटीला उभं करतात ती?

रॅम्पवरची

होय. शेवटच्या कपड्यात येणारी, डिझायनरसोबत. नटीच पाहिजे असं नाही, पण हल्ली असते. मॉडेलच्या दृष्टीनं पहिली येणं, म्हणजे शो ओपन करणं, हे जास्त मानाचं. पण हे सगळं रॅम्पचं झालं. रॅम्प आणि हाय फॅशनला उंचीची अट असते, मुलींना साधारण पाच आठच्या वर, मुलांना सहा फुटांच्या आसपास. मासिकांतल्या फॅशनच्या पानांना एडिटोरियल म्हणतात, त्यात पैसे कमी आणि नाव जास्त. ते छापून आलेलं पान पोर्टफोलिओत लावलं की ती टेअर शीट. कमर्शियल म्हणजे साबण, बँक, सिमेंट. तिथं शेजारच्या घरातला चेहरा लागतो. पैसा तिथं. आपल्याकडच्या मुलींना कुणीतरी रॅम्पची स्वप्नं विकतं आणि मग पाच फूट तीन इंचाची मुलगी दोन वर्षं हिल्स घालून चालायला शिकते. तिला पहिल्या दिवशी कमर्शियलला पाठवलं असतं तर एव्हाना कमावती झाली असती. मला ह्याचा राग आहे.

दोन_मुलांची_आई

अगदी हेच लिहायला आले होते. माझ्या मोठीला इन्स्टावर मेसेज आला, "युवर फेस इज सिलेक्टेड". लॉजच्या हॉलमध्ये 'ऑडिशन' होती. गेलो. आत निम्मं सोलापूर सिलेक्टेड होतं. मग एकेकाला बाजूला बोलावून सांगायचे, लुक टेस्टचे इतके, ग्रूमिंगचे इतके, पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडं आणि शेवटी एक 'आर्टिस्ट कार्ड' काढावं लागेल, त्याशिवाय मुंबईत सेटवर घेत नाहीत. मी विचारलं, काम कुठलं आहे? जाहिरात कुठली? तर म्हणे आधी कार्ड. पर्स उचलली आणि निघालो. मुलगी दोन दिवस बोलत नव्हती माझ्याशी.

कास्टिंगकाका

ताई, बरं केलंत. अंधेरीत ह्याच धंद्यात आहे, कोऑर्डिनेटर म्हणूनच. आमच्या जमातीला धाग्यात शिव्या पडायच्या आत काही खुलासे करतो.

लुक टेस्ट म्हणजे निवड जवळजवळ झाल्यावर त्या भूमिकेचे कपडे-मेकअप करून बघणं. त्याचा खर्च निर्मात्याचा. ऑडिशनला पैसे नसतात. गो-सी म्हणजे कुठलं एक काम समोर नसताना एजन्सी-क्लायंटला नुसतं भेटून, दिसून येणं. त्यालाही नसतात. कास्टिंग कॉल हा ठरावीक कामासाठी असतो आणि त्यात काम, तारीख, शहर, वय लिहिलेलं असतं. हल्ली पहिली फेरी घरूनच होते, सेल्फ-टेप. त्यात सुरुवातीला नाव, वय, उंची, शहर, डावा-उजवा प्रोफाइल, हात पुढं-मागं. हात बघतात, हसू नका, मोबाइलच्या जाहिरातीत हातच दिसतात. आणि तारखेला मोकळे आहात का ते. नसाल तर टेप पाठवू नका, आमचं डोकं फिरतं.

आर्टिस्ट कार्ड नावाचा असा कुठला परवाना नाही, जो काढल्याशिवाय जाहिरातीत उभं राहता येत नाही. कलाकारांच्या संघटना आहेत, मुंबईत 'सिंटा' आहे, तिचं सभासदत्व वेगळी गोष्ट आणि ते लॉजच्या हॉलमध्ये मिळत नाही.

सोपी खूण अशी की कमिशन कामाच्या पैशातून कापलं जातं. काम नाही तर कमिशन नाही. जो कामाच्या आधी मॉडेलकडून पैसे घेतो, त्याचा धंदा मॉडेलिंगचा नाही, फोटो विकायचा आहे.

नव्याण्णव

काका, तुम्ही मॉडेलकडूनही कापता आणि गणवेशवाल्यांसारख्या गिऱ्हाइकाकडूनही २० टक्के वर लावता. एकाच बैलाचे दोन कासरे. ते पण सांगा की.

कास्टिंगकाका

काही ठिकाणी दोन्हीकडून घेतात, नाकारत नाही. मी एकाच बाजूनं घेतो असं म्हटलं तरी तुम्ही मानणार नाही, सोडा. पण कमिशनच्या बदल्यात आम्ही काय करतो तेही बघा. सकाळी सहाला मॉडेल आजारी पडली तर सातला दुसरी उभी करतो. पैसे तीन-तीन महिने अडकतात, मुंबईत नव्वद दिवस ही नेहमीची मुदत, तोवर मागं लागतो. बाहेरगावच्या मुलीला पहिल्यांदा शोधून, घडवून मोठ्या शहरातल्या किंवा परदेशातल्या एजन्सीकडं देणारी असते, ती मदर एजन्सी. ती घरी बसून पुढच्या कमाईतला वाटा खाते असं लोक म्हणतात. पण मुलीचा व्हिसा, राहणं, फसवणूक झाली तर परत आणणं हे तिच्याच गळ्यात असतं.

गणवेशवाले, तुम्ही कोऑर्डिनेटरला सरळ विचारा: सांगितलेला रेट मॉडेलच्या हातात पडणारा आहे की कमिशन धरून? म्हणजे 'नेट' की 'ग्रॉस'? एवढा एक प्रश्न विचारला की तो तुम्हाला 'सर' म्हणायचं कमी करेल आणि नीट बोलेल.

वेशीबाहेरचा

ह्या सगळ्या शब्दांना मराठी प्रतिशब्द नाहीत हे आपलं दुर्दैव. कॉल शीटला 'पाचारणपत्र' म्हणता येईल.

शेंगाचटणी

पाचारणपत्र आलं तर आमचा पोरगा वकील शोधेल.

लेन्सकॅप

:) मूळ मुद्द्यावर येऊ. युसेज आणि बायआउटवर कुणी लिहिलं नाही अजून, आणि खरे पैसे तिथंच आहेत.

मॉडेलला तुम्ही दोन गोष्टींचे पैसे देता. एक, दिवसभर उभं राहण्याचे. दोन, तिचा चेहरा तुमचा माल विकायला वापरण्याचे. दुसऱ्याला युसेज म्हणतात आणि त्याला तीन कुंपणं असतात: किती काळ, कुठल्या भागात, कुठल्या माध्यमात. तुमच्या मेलमध्ये एक वर्ष, भारत, प्रिंट आणि डिजिटल. म्हणजे कॅटलॉग, वेबसाइट, डीलरांचं व्हॉट्सॲप ह्यात बसलं. ओओएच म्हणजे घराबाहेरची जाहिरात: होर्डिंग, बसस्टॉप, रिक्षाच्या मागचा फ्लेक्स. पॅकेजिंग म्हणजे शर्टाचा बॉक्स, पिशवी, लेबल.

आता तुम्ही सांगा. बॉक्सवर फोटो छापणार आहात का? छापलात तर बॉक्स किती दिवस बाजारात राहतो? युनिफॉर्मच्या दुकानात तीन वर्षांपूर्वीचा बॉक्स सहज निघतो. म्हणूनच पॅकेजिंगचे जादा सांगतात, ते लुबाडणं नव्हे.

बायआउट म्हणजे हे कुंपण मोठ्या रकमेत एकदाच काढून टाकणं किंवा खूप रुंद करणं. पण 'बायआउट' एवढाच शब्द लिहून सही करू नका, त्यात किती वर्षं, कुठली माध्यमं ते लिहिलेलंच पाहिजे. 'इन परपेच्युइटी' असेल तर कायमचं. मुलांच्या फोटोचं कायमचं घेऊ नका, असं माझं मत. चौथीतलं पोरगं बारावीला गेल्यावर त्याच्या वर्गात तुमचा बॉक्स फिरायला नको.

एक्सक्लुझिव्हिटी म्हणजे तुमच्या काळात त्या मॉडेलनं दुसऱ्या युनिफॉर्मवाल्याचं काम करायचं नाही. समाविष्ट नाही म्हणतोय, म्हणजे हीच पोरं प्रदर्शनात समोरच्या स्टॉलवरही दिसू शकतात.

गणवेशवाला

हे शेवटचं वाचून हबकलोच. सोलापुरात युनिफॉर्मवाले एवढे, आणि पुण्यातली तीच चार पोरं सगळ्यांच्या कॅटलॉगमध्ये? मग माझा पुतळा काय वाईट होता!

बॉक्सवर छापायचा विचार होता. आता दुसरा विचार करतो, बॉक्सवर नुसतं कापड आणि बटणाचा क्लोजअप टाकू.

अक्कलकोट_रोड

क्लोजअपमध्ये बटण लावणारे हात हवेत तर हातांचे वेगळे मॉडेल असतात. आमच्या टेरी टॉवेलला घेतलेली बाई नुसती हातांचीच कामं करते. नखं, शिरा, व्रण काही दिसायला नको. पार्ट्स मॉडेल म्हणतात. दिवसभर हातमोजे घालून बसली होती, चहा पण स्ट्रॉनं. चेहरा नसल्यानं युसेजची घासाघीस कमी झाली.

नव्याण्णव

आता एआयच्या जमान्यात मॉडेल कशाला? शर्टाचा फोटो टाका, पोरगं तयार. ना कमिशन, ना ओटी.

लेन्सकॅप

करून बघितलंय एका पार्टीसाठी. पिनोफोरला दोन्ही बाजूंना सहा-सहा प्लीट, म्हणजे चुण्या होत्या, चित्रात एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला सात. मुलींच्या शर्टाची बटणपट्टी उलट्या बाजूला. टायची गाठ कॉलरमधून उगवलेली. शाळेचा संचालक प्लीट मोजतो हो. मोबाइल कव्हर विकायला चालेल, युनिफॉर्मचा खरेदीदार शिलाई बघायलाच फोटो मोठा करतो.

गणवेशवाला

+१. आमचा कटिंग मास्टर तर फोटो बघून ग्राम सांगतो कापडाचं.

रॅम्पवरची

कटिंग मास्टरवरून आठवलं, फिट मॉडेल नावाचाही एक प्रकार असतो. तिचा फोटो कुणी काढत नाही. तिचं अंग ठरावीक साइजला अचूक बसतं, म्हणून नमुन्याचा कपडा तिच्या अंगावर चढवून काख कुठं ओढते, बसल्यावर कंबर कुठं काचते ते बघतात. तिनं बोलायचंही असतं, "इथं टोचतंय". सुंदर दिसायची गरज नाही, वजन मात्र इकडचं तिकडं व्हायला नको. गणवेशवाले, तुम्हाला कॅमेऱ्याच्या मॉडेलपेक्षा ह्याचा उपयोग जास्त होईल, असं माझं प्रामाणिक मत. पोरं शाळेत सहा तास त्या कपड्यात बसतात.

दोन_मुलांची_आई

शंभर मोदक ह्या प्रतिसादाला. धाकट्याच्या पँटची शिवण अशी आहे की तो वर्गात उभाच राहतो म्हणे.

आकडेमोड

सीए आहे, पार्क चौकात. जीएसटीचं कुणी बोललं नाही. एजन्सीच्या सेवेवर १८ टक्के. तुमची जीएसटी नोंदणी असल्यानं नीट बिल घेतलंत तर इनपुट क्रेडिट मिळतं, त्यामुळं "बिनबिलाचं केलं तर एवढे कमी" ह्या मोहात पडू नका. मॉडेलच्या फीवर साधारणपणे १० टक्के टीडीएस. तुमची आदल्या वर्षीची उलाढाल कोटीच्या वर असेल तर कापावाच लागतो, मात्र एका व्यक्तीला वर्षाला ५० हजारांपर्यंतच दिलं असेल तर नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे चार लहान मुलं. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ ला नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीत घेता येतं, पण अटींवर. जिथं शूट असेल त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्याकडं कलेक्टर ऑफिसची परवानगी. त्यासाठी ठरावीक नमुन्यात हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय नाही. पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस. आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. मूल नाही म्हणालं तर त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही, तेही नियमात आहे.

तेव्हा तुमच्या मेलमधला "फुल डे ८ अवर्स" चार मुलांना लागूच पडत नाही. कोऑर्डिनेटरला विचारा, परवानगी कोण काढणार?

शेंगाचटणी

इथं धागा गंभीर झाला. मी चहा घेऊन येतो.

कास्टिंगकाका

आकडेमोड साहेबांचं शब्दशः बरोबर. आमच्या धंद्यात लोक ह्या परवानगीकडं डोळेझाक करतात आणि निर्माता अडकतो, कोऑर्डिनेटर नाही. गणवेशवाले, ह्या कामात निर्माता तुम्ही. परवानगीला वेळ लागतो, शूटची तारीख त्यानुसार पुढं ढकला. ऑप्शन सोडून दिलात तरी काही बिघडत नाही, त्याला 'रिलीज' म्हणतात, रोज होतं.

अक्कलकोट_रोड

आणि घरच्या पोरांना पण हे लागू?

आकडेमोड

घरच्या धंद्यात शाळा सांभाळून, सुट्टीत मदत करायला कायदा सूट देतो. पण पोरगं जाहिरातीत चमकलं की तो बाल कलाकाराचा विषय होतो. भाचा आहे म्हणून अर्ज टाळू नका.

वेशीबाहेरचा

एक शंका. टीएफपी नावाचा प्रकार ऐकलाय. भाची म्हणते फुकट फोटो काढून मिळतात. फुकट कोण देतं?

लेन्सकॅप

टाइम फॉर प्रिंट. मॉडेल वेळ देते, फोटोग्राफर फोटो देतो, पैसे कुणीच कुणाला देत नाही. दोघंही नवीन असताना ठीक. मी पण केलीत. फक्त तिसरा माणूस त्यातून कमवत असेल, म्हणजे कपड्याचा ब्रँड असेल, तर ते टीएफपी नाही, फुकटात जाहिरात करून घेणं आहे. "एक्स्पोजर मिळेल" म्हणणाऱ्यांना माझ्या वतीनं कडक भाकरी फेकून मारा. आपलीच, सोलापूरची. लागते.

फोटोची मालकी हाही घोळ असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक सहसा फोटोग्राफर. पण कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पैसे देणारा. म्हणजे टीएफपीत फोटो माझे, आणि भाचीनं पैसे भरून पोर्टफोलिओ केला तर तिचे, उलटं काही लिहून दिलं नसेल तर. म्हणून सही करताना तो कागद वाचायचा. आणि चेहरा वापरायची परवानगी, म्हणजे मॉडेल रिलीज, हा पुन्हा वेगळा कागद. फोटो माझा असला म्हणून तिच्या चेहऱ्यावर मी साबण विकू शकत नाही. अठरा वर्षांखाली असेल तर सही आई-वडिलांची.

वेशीबाहेरचा

कास्टिंगकाकांचं 'रिलीज' वेगळं आणि तुमचं 'रिलीज' वेगळं?

लेन्सकॅप

होय. त्यांचं तारखेचं, माझं चेहऱ्याचं. सिनेमावाल्यांचं शुक्रवारी असतं ते तिसरं.

भुईकोट_०७

नवीन सभासद आहे, विषयाला सोडून असेल तर माफ करा. मी छोटं इन्स्टा पेज चालवते, साड्यांचं. ब्रँडवाले 'बार्टर कोलॅब' म्हणतात. घ्यावं का?

रॅम्पवरची

बार्टर म्हणजे साडी घ्या, रील द्या. साडी खरंच नेसणार असाल तर घ्या. पण ती रील त्यांनी स्वतःची जाहिरात म्हणून पैसे लावून चालवली तर ते युसेज झालं, त्याचे वेगळे मागा. आणि ही जाहिरात आहे असं रीलवर स्पष्ट लिहा. जाहिरात क्षेत्राच्या 'आस्की' संस्थेचे २०२१ पासून तसे नियम आहेत.

आकडेमोड

साडी पैठणी वगैरे असेल आणि एकाच ब्रँडकडून वर्षाला २० हजारांच्या वरची भेट होत असेल, तर जुलै २०२२ पासून त्यावरही १० टक्के टीडीएस आहे. भेट म्हणून आली तरी.

भुईकोट_०७

अजून तरी दीड हजाराच्या पुढं कुणी गेलं नाही. :( धन्यवाद दोघांनाही.

दोन_मुलांची_आई

माझी मोठी आता हे सगळं वाचतेय माझ्या खांद्यावरून. तिचा प्रश्न: अकलूजसारख्या ठिकाणाहून रिंकू राजगुरू पुढं आली, मग सोलापुरात राहून काही होत नाही असं लोक म्हणतात ते कसं काय?

रॅम्पवरची

ताई, तिला सांगा, होतं. रिंकूला शोधायला दिग्दर्शक तिथं गेला, कारण त्याला तिथलीच बोली आणि तसंच चालणं-बोलणं हवं होतं. तो स्वतः जेऊरचा, आपल्याच जिल्ह्यातला. तिनं कुणाला लॉजच्या हॉलमध्ये ग्रूमिंगचे पैसे दिले नव्हते, हे महत्त्वाचं. मुलीनं आधी दिवसाउजेडी, बिनमेकअपचे डिजिटल्स घरीच काढावेत, तुम्हीच काढा, भिंतीपुढं. मराठीत आणि हिंदीत एकेक मिनिटाची ओळख रेकॉर्ड करावी. त्याला शून्य खर्च. ऑडिशन असेल त्या दिवशी पुणे तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन रात्री परत. सोबत तुम्ही. आणि कॉलेज चालू.

नव्याण्णव

आणि नाटक. रंगभवन, हुतात्मा स्मृती मंदिर, आपल्याकडं स्टेज कमी नाहीत. अतुल कुलकर्णी सोलापुरात नाटकं करूनच पुढं गेले. कॅमेऱ्यासमोर हात कुठं ठेवायचे हा प्रश्न नाटकवाल्याला पडत नाही.

शेंगाचटणी

नव्याण्णव काहीतरी चांगलं बोलले. धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

गणवेशवाला

मंडळी, अपडेट देतो. कोऑर्डिनेटरला फोन केला. नेट की ग्रॉस विचारल्यावर क्षणभर गप्पच झाला. रेट ग्रॉस निघाला, म्हणजे मॉडेलच्या पैशातूनही तो कापणार आणि वर माझ्याकडून २० टक्के. मी म्हटलं, एकच बाजू घ्या. तो १० वर आला. मुलांच्या परवानगीचं विचारलं तर म्हणे, "सर, स्टिल्सला कोण बघतं?" मी बघतो म्हटलं.

ठरलं असं: ऑप्शन सोडला. परवानगीचा अर्ज करायचा, मग तारीख. मुलांचा कॉल साडेनऊला, जेवणाची सुट्टी धरून तीनला मोकळी. मोठ्यांचे लुक नंतर. युसेज एक वर्ष, भारत, प्रिंट आणि डिजिटल, शिवाय प्रदर्शनाच्या स्टॉलवरचे पॅनेल त्यात लिहून घेतले. होर्डिंग नको, बॉक्सवर चेहरा नको. युनिफॉर्मपुरती एक्सक्लुझिव्हिटी मागितली, फक्त प्रदर्शन होईपर्यंत. त्याचे थोडे जादा घेतोय, देतो. शूट सोलापुरातच, त्यामुळं त्यांचं येणं-जाणं-राहणं माझ्याकडं.

पंचवीसेक सॅम्पल सेट तयार आहेत. अजून काही राहिलं का?

रॅम्पवरची

येण्याचा दिवस आणि कामाचा दिवस वेगळा ठेवा, पोरं गाडीतून उतरून थेट उभी करू नका. प्रवासाच्या दिवसाचे पैसे मागतात का ते आत्ताच विचारा.

लेन्सकॅप

स्टीम इस्त्री दोन ठेवा. पांढरे मोजे दुप्पट. आणि एक विचारायचं राहिलं, सॅम्पलच्या खिशावर बिल्ले कुठल्या शाळांचे आहेत?

गणवेशवाला

आमच्या गिऱ्हाईक शाळांचेच. सात-आठ शाळा आहेत, नामांकित. तेवढंच वजन पडतं.

लेन्सकॅप

त्यांची लेखी परवानगी आहे? शाळेचं नाव आणि चिन्ह तुमच्या जाहिरातीत, आणि ते घातलेलं पोरगं त्या शाळेचं नाहीच. एखाद्या मुख्याध्यापकांनी बघितलं तर पुढची ऑर्डर जाईल.

गणवेशवाला

अरे देवा. उद्या सकाळी कारागिरांना बिल्ले उसवायला बसवतो.

लेन्सकॅप

उसवू नका. टाक्यांची भोकं राहतात आणि क्लोजअपला ठिपक्यांची रांग दिसते. खिसे नव्यानं शिवा.

गणवेशवाला

पंचवीस सेटचे खिसे. ऐन सीझनला. कटिंग मास्टरचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, त्यांना तुम्हीच सांगा.